नदीचे प्रगतिपुस्तक

वर्षअखेरीस निकाल तयार करताना आपण शिक्षक एक पथ्य कटाक्षाने पाळतो. भाषेत, इतिहासात आणि भूगोलात नव्वदच्या घरात गुण मिळवणारा विद्यार्थी गणितात नापास झाला, तर त्याची सरासरी कितीही चांगली असली तरी गणिताच्या गुणांखालची तांबडी रेघ आपण पुसत नाही. एका विषयातले जास्तीचे गुण दुसऱ्या विषयातली उणीव भरून काढू शकत नाहीत, हे आपण मानतो. नद्यांच्या पाण्याची प्रत ठरवताना मात्र नेमका हाच नियम मोडला जातो, असे आमचे म्हणणे आहे. आपल्याकडे प्रचलित असलेला ‘जल गुणवत्ता निर्देशांक’ नदीला शंभरपैकी एकच एक गुण देतो आणि त्या एका आकड्याच्या आड नापास झालेला विषय झाकला जातो. तो कसा, आणि त्याचा तोटा कोणाला होतो, हे या लेखात तपासून पाहू.

चांगले पाणी – पण कशासाठी?

‘या नदीचे पाणी चांगले आहे का?’ हा प्रश्न ऐकायला सरळ वाटतो, पण तो अपुरा आहे. पोहणाऱ्याला, माशाला आणि पाणीपुरवठा केंद्रातल्या अभियंत्याला ‘चांगले’ या शब्दाचे तीन वेगळे अर्थ अभिप्रेत असतात. हे ओळखूनच केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने पाण्याचे त्याच्या उपयोगानुसार ‘अ’ ते ‘ई’ असे पाच वर्ग पाडले आहेत. ‘अ’ वर्गाचे पाणी केवळ निर्जंतुक करून पिता येते, ‘ब’ वर्गाचे स्नानासाठी योग्य असते आणि ‘क’ वर्गाचे पाणी गाळणे, निवळणे, निर्जंतुक करणे अशी नेहमीची प्रक्रिया करून पिण्यास देता येते. ‘ड’ वर्ग मासे व अन्य जलचरांसाठी, तर ‘ई’ वर्ग शेती, कारखान्यांतील शीतकरण अशा कामांसाठी आहे.

पहिल्या तीन वर्गांचे निकष शेजारी शेजारी ठेवून पाहा. एकूण कोलीफॉर्म जीवाणूंची संख्या दर १०० मिलिलिटरला ‘अ’ वर्गात ५० पर्यंत, ‘ब’ वर्गात ५०० पर्यंत आणि ‘क’ वर्गात ५,००० पर्यंत चालते. आता एक प्रश्न वर्गात विचारण्याजोगा आहे. पिण्यासाठी उचलायच्या ‘क’ वर्गाच्या पाण्यात स्नानाच्या पाण्यापेक्षा दहापट जीवाणू कसे चालतात? उत्तर सोपे आहे. ‘क’ वर्गाचे पाणी आणि आपला घसा यांच्यामध्ये तुरटी, वाळूची गाळणी आणि क्लोरीन उभे असते. नदीत बुडी मारणाऱ्या माणसाच्या आणि पाण्याच्या मध्ये काहीच नसते. नाकातोंडात जाते ते पाणी जसेच्या तसे जाते.

‘ड’ वर्गाची तऱ्हा आणखी निराळी आहे. त्याच्या निकषांत कोलीफॉर्मचा उल्लेखच नाही, कारण माशाला त्यांचे सोयरसुतक नसते. तिथे विरघळलेला प्राणवायू दर लिटरला किमान ४ मिलिग्रॅम, मुक्त अमोनिया (नायट्रोजनच्या स्वरूपात मोजलेला) जास्तीत जास्त १.२ मिलिग्रॅम आणि सामू, म्हणजे पीएच, ६.५ ते ८.५ अशा अटी आहेत. म्हणजे ‘अ’ ते ‘ई’ ही एकाच शिडीची उतरती पायरी नाही. ते पाच वेगवेगळे प्रश्न आहेत, आणि एका प्रश्नाचे उत्तर ‘होय’ आले म्हणून दुसऱ्याचे उत्तर आपोआप मिळत नाही.

एक आकडा कसा तयार होतो?

अनेक मोजमापांचा एकच आकडा करण्याची कल्पना अमेरिकेतील हॉर्टन यांनी १९६५ साली मांडली. पुढे १९७० मध्ये ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नॅशनल सॅनिटेशन फाउंडेशनच्या पाठबळावर १४२ तज्ज्ञांची मते मागवून नऊ घटकांचा निर्देशांक तयार केला. विरघळलेला प्राणवायू, विष्ठाजन्य कोलीफॉर्म, सामू, जैवरासायनिक प्राणवायूची गरज (बीओडी), तापमानातील फरक, फॉस्फेट, नायट्रेट, गढूळपणा आणि एकूण घन पदार्थ हे ते नऊ घटक होत. प्रत्येक घटकाला मोजमापानुसार शून्य ते शंभर गुण द्यायचे, त्या गुणांना घटकाच्या महत्त्वानुसार ठरवलेल्या भारांकाने गुणायचे आणि सर्वांची बेरीज करायची, अशी ही रीत आहे.

आपल्याकडे या नऊपैकी चारच घटक घेतले गेले. मूळ निर्देशांकात त्या चारांचे भारांक ०.१७, ०.१५, ०.१२ आणि ०.१० होते. त्यांची बेरीज ०.५४ होते. ती १ व्हावी म्हणून प्रत्येकाला ०.५४ ने भागले, आणि प्राणवायूसाठी ०.३१, विष्ठाजन्य कोलीफॉर्मसाठी ०.२८, सामूसाठी ०.२२ व बीओडीसाठी ०.१९ असे नवे भारांक मिळाले. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे अहवालही हीच रीत वापरतात. निर्देशांक ६३ च्या वर गेला की पाणी ‘चांगले ते उत्कृष्ट’ आणि ‘प्रदूषित नाही’, ५० ते ६३ ‘मध्यम ते चांगले’, ३८ ते ५० ‘वाईट’ आणि त्याखाली ‘वाईट ते अतिशय वाईट’, अशी त्याची प्रतवारी आहे.

आता हिशेब मांडू

एक कल्पित नमुना घेऊ. नदी वाहती आहे, पाणी खळाळते आहे, म्हणून प्राणवायूला ९५ गुण मिळाले. सामू ७.५ च्या आसपास असल्याने त्याला ९२. बीओडी दर लिटरला सुमारे २ मिलिग्रॅम, म्हणून ८०. परंतु वरच्या अंगाला एका गावाचे सांडपाणी नदीला मिळते आणि विष्ठाजन्य कोलीफॉर्मची संख्या दर १०० मिलिलिटरला १०,००० आहे. या घटकाला गुण मिळतील फक्त ११ च्या आसपास. बेरीज अशी होईल:

प्राणवायू: ९५ × ०.३१ = २९.४५
सामू: ९२ × ०.२२ = २०.२४
बीओडी: ८० × ०.१९ = १५.२०
कोलीफॉर्म: ११ × ०.२८ = ३.०८
एकूण: ६७.९७

म्हणजे निर्देशांक जवळजवळ ६८ आला. पाणी ‘चांगले ते उत्कृष्ट’ ठरले! स्नानाच्या पाण्यासाठी २००० साली अधिसूचित झालेल्या निकषांनुसार विष्ठाजन्य कोलीफॉर्म दर १०० मिलिलिटरला ५०० पर्यंत असणे इष्ट आणि २,५०० ही कमाल मर्यादा आहे. आपला नमुना त्या कमाल मर्यादेच्या चौपट आहे, तरी प्रगतिपुस्तकात तो पहिल्या श्रेणीत उत्तीर्ण झाला.

याहून बोलका आकडा पुढे आहे. कोलीफॉर्मला ११ ऐवजी साफ शून्य गुण देऊन पाहा. उरलेल्या तीन घटकांची बेरीज ६४.८९ होते. ती ६३ च्या वरच राहते. याचा अर्थ, बाकी तीन घटक उत्तम असतील तर पाण्यात विष्ठेचे जंतू कितीही असोत, निर्देशांकाला त्याचा पत्ता लागत नाही. हा गणिताचा अपघात नव्हे. सरासरी नावाच्या साधनाचा तो स्वभावच आहे, आणि विद्यार्थ्यांना तो समजावून द्यायला याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

निर्देशांकाची बाजूही मांडली पाहिजे. वृत्तपत्र वाचणाऱ्याला पंधरा रकान्यांचा तक्ता वाचता येत नाही, त्याला एक आकडा कळतो. एकाच ठिकाणच्या पाण्याची दहा वर्षांतली चढउतार दाखवायला, किंवा नदीचा कोणता पट्टा अगोदर हाती घ्यावा हे ढोबळपणे ठरवायला हा आकडा उपयोगी पडतो. पण ‘पाण्याचा कल सांगणारा आकडा’ आणि ‘पाणी वापरण्याची परवानगी देणारा आकडा’ या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिल्याने दुसऱ्याची जागा घेतली की घोटाळा होतो.

एकाच घटकावर भिस्त

नद्यांच्या प्रदूषित पट्ट्यांची जी देशव्यापी यादी केंद्रीय मंडळ प्रसिद्ध करते, तिचे दुखणे याच जातीचे आहे. २०१८ साली या यादीत ३५१ पट्टे होते आणि २०२२ च्या यादीत ३११. दोन्ही वेळा सर्वाधिक पट्टे महाराष्ट्रात होते: आधी ५३, नंतर ५५. हे पट्टे निवडले जातात ते बीओडीवरून. बीओडी दर लिटरला ३ मिलिग्रॅमच्या वर गेला की पट्टा यादीत येतो आणि ३० च्या वर गेला की त्याचा पहिला अग्रक्रम लागतो.

बीओडी म्हणजे पाण्यातील सेंद्रिय घाण कुजवताना सूक्ष्मजीव किती प्राणवायू वापरतात त्याचे माप. सांडपाण्याचा जोर ओळखायला ते उत्तम आहे. पण धरणातून पाणी सोडले की घाण पातळ होते आणि बीओडी झपाट्याने उतरतो. कोलीफॉर्मचे तसे नाही. मैलापाण्यात त्यांची संख्या दर १०० मिलिलिटरला लाखोंनी, कोटींनी असते, त्यामुळे दहापट पाणी मिसळले तरी ती स्नानाच्या मर्यादेजवळही येत नाही. बीओडीच्या यादीतून नाव उतरलेल्या नदीत स्नान निर्धोक झाले, असे म्हणूनच समजता येत नाही.

२०२५ च्या प्रयागराज महाकुंभात याचा प्रत्यय आला. केंद्रीय मंडळाने राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाला ३ फेब्रुवारी २०२५ रोजी दिलेल्या अहवालात नमूद केले, की १२–१३ जानेवारीला बहुतेक ठिकाणी बीओडी मर्यादेबाहेर होता. नंतर वरच्या बाजूने ताजे पाणी आल्यावर तो मर्यादेत आला. पण विष्ठाजन्य कोलीफॉर्मच्या बाबतीत पाहणीच्या सर्व ठिकाणी निरनिराळ्या वेळी पाणी स्नानाच्या निकषात बसत नव्हते. त्याच महिन्याच्या अखेरच्या अहवालात वेगळे गणित मांडले गेले. सर्व नमुन्यांचे मध्यक काढले, आणि कोलीफॉर्मचा मध्यक १,४०० आला. मर्यादा २,५०० ची, म्हणून पाणी स्नानयोग्य.

मध्यक म्हणजे काय, हे आपले विद्यार्थी जाणतात. निम्मे नमुने त्या आकड्याच्या खाली आणि निम्मे वर. वरच्या निम्म्या नमुन्यांत सर्वांत वाईट दिवस कसा होता, हे मध्यक सांगत नाही. भाविक मात्र मध्यकात स्नान करत नाही. तो एका विशिष्ट दिवशी, एका विशिष्ट घाटावर पाण्यात उतरतो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या मार्गदर्शक सूत्रांनी स्नानाच्या पाण्यासाठी ९५ वा शततमक धरला आहे. शंभरपैकी पंचाण्णव नमुने ज्या आकड्याच्या आत बसतात, तो आकडा पाहायचा. युरोपीय संघाच्या २००६ च्या निर्देशातही अशाच शततमकांचा आधार आहे. दोन्ही पद्धती सांख्यिकीच्याच. पण एक विचारते ‘साधारण दिवस कसा होता?’ आणि दुसरी विचारते ‘वाईट दिवस किती वाईट होता?’ आरोग्याच्या कामी दुसराच प्रश्न महत्त्वाचा.

माशाला रात्र असते

जलचरांच्या दृष्टीने पाहिले तर आणखी एक उणीव दिसते. नमुने घेणारे कर्मचारी दिवसा, कामाच्या वेळेत येतात. ज्या पाण्यात सांडपाण्यातील फॉस्फेट–नायट्रेटमुळे शेवाळ माजले आहे, त्यात दुपारी प्रकाशसंश्लेषण जोरात चालते आणि प्राणवायू भरपूर भरतो. रात्री शेवाळ प्राणवायू बनवत नाही, उलट श्वसनासाठी वापरते. परिणामी पहाटे प्राणवायू तळाला गेलेला असतो. मासे पहाटे वर येऊन तोंडे उघडतात, सकाळी तरंगताना दिसतात, आणि दुपारच्या नमुन्यात मात्र सारे आलबेल! त्यात उन्हाळ्याची भर. २५ अंश सेल्सिअसला शुद्ध पाण्यात दर लिटरला जास्तीत जास्त सुमारे ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना सुमारे ७.६. पाणी तापते तशी साठवण घटते आणि सूक्ष्मजीवांची भूक वाढते.

अमोनियाची गोष्ट तर रसायनशास्त्राच्या तासाला सांगण्यासारखी आहे. पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो: विद्युत्भारित अमोनियम आणि भाररहित मुक्त अमोनिया. माशाच्या कल्ल्यांतून सहज शिरून त्याला मारणारे रूप दुसरे. २५ अंशांना सामू ७ असेल तर एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का मुक्त असतो, सामू ८ झाला की सुमारे ५ टक्के, आणि ९ झाला की तिसऱ्या हिश्श्याहून अधिक. तेच पाणी, तेवढाच अमोनिया, पण दुपारी शेवाळामुळे सामू चढला की ते विषारी होते. आपला चार घटकांचा निर्देशांक अमोनिया मोजतच नाही.

पिण्याच्या पाण्यालाही हाच अमोनिया नडतो. तो क्लोरीनशी संयोग पावतो आणि जंतू मारण्यासाठी घातलेला क्लोरीन त्यातच खर्ची पडतो. दिल्लीत यमुनेच्या पाण्यात अमोनिया वाढला की वजिराबाद आणि चंद्रावल येथील केंद्रांना उत्पादन कमी करावे लागते, ते यामुळेच. शिवाय नायट्रेट, जड धातू, कीटकनाशके हे पदार्थ तुरटी–वाळू–क्लोरीन या नेहमीच्या प्रक्रियेने निघत नाहीत. म्हणजे पिण्यासाठी नदी तपासायची तर ‘आपल्या केंद्राला काय काढता येत नाही?’ हा पहिला प्रश्न हवा. त्यालाही निर्देशांकात जागा नाही.

मग करावे काय?

उपाय नवा नाही. न्यूझीलंडच्या डेव्हिड स्मिथ यांनी १९९० साली एक निर्देशांक सुचवला होता. त्यात दोन बदल होते. पहिला, स्नान, पाणीपुरवठा, माशांची वीण अशा प्रत्येक उपयोगासाठी वेगळा निर्देशांक. दुसरा, सरासरी न घेता सर्वांत कमी गुण मिळालेल्या घटकाचे गुण हाच निर्देशांक. आपल्या कल्पित नमुन्याला या रीतीने स्नानासाठी ६८ नव्हे, ११ गुण मिळाले असते, आणि कोणत्या घटकामुळे तो नापास झाला हेही त्याच क्षणी कळले असते.

या पद्धतीलाही मर्यादा आहेत. एखादे मोजमाप चुकले तर सारा निकाल त्यावर लटकतो. पण ही चूक लोकांना विनाकारण सावध करील. सरासरीची चूक त्यांना विनाकारण निश्चिंत करते. दोहोंपैकी कोणती परवडते, हे सांगायला तज्ज्ञ नको.

केंद्रीय मंडळाने १९७८ साली जागतिक कार्यक्रमांतर्गत पाहणी सुरू केली तेव्हा भूपृष्ठावरील पाण्याची केवळ २४ केंद्रे होती. आज त्यांची संख्या अनेक पटींनी वाढली आहे. माहिती जमते आहे. ती मांडण्याची रीत मात्र बदलायला हवी. प्रत्येक केंद्रासमोर स्नान, जलचर, पिण्याचे पाणी असे तीन रकाने हवेत, प्रत्येकात ‘योग्य’ की ‘अयोग्य’ आणि अयोग्य असल्यास कोणत्या घटकामुळे, एवढे दिले तरी पुरे. यासाठी नवी यंत्रे लागणार नाहीत.

शाळांनी काय करावे? सामूदर्शक कागद नदीत बुडवून ‘सामू ७, म्हणून नदी स्वच्छ’ असा निष्कर्ष काढणारे प्रकल्प आता थांबवावेत. त्याऐवजी तोच तीन रकान्यांचा तक्ता विद्यार्थ्यांपुढे ठेवावा. जलचरांच्या रकान्यासाठी विंकलर यांच्या रीतीने एकाच जागेचा प्राणवायू सूर्योदयाच्या सुमारास आणि दुपारी दोनला मोजावा, दोन आकड्यांतला फरकच पुष्कळ सांगेल. तळाचे दगड उलटून कीटक पाहावेत. मेफ्लायच्या अळ्या भरपूर असतील तर पाण्यात प्राणवायू बरा असतो. केवळ कायरोनोमसच्या लाल अळ्या आणि ट्यूबिफेक्स कृमी दिसले, तर तो खालावलेला असतो. हे प्राणी दिवसरात्र तिथेच राहतात, म्हणून दुपारच्या बाटलीला न कळणारी रात्र त्यांना ठाऊक असते.

स्नान व पिण्याच्या रकान्यांसाठी ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेतील मांजा आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेली हायड्रोजन सल्फाइडची चाचणी शाळेला जमण्याजोगी आहे. बाटलीतले पाणी एक–दोन दिवसांत काळे पडले तर विष्ठाजन्य दूषिततेची शंका घ्यावी. ही बाटली ओतून देण्यापूर्वी तीत ब्लीचिंग पावडर घालावी आणि हात साबणाने धुवावेत. पाणी काळे पडले नाही म्हणून ते पिण्यायोग्य ठरत नाही, हेही मुलांना बजावावे. नायट्रेट, धातू, कीटकनाशके यांचे रकाने त्यांना ‘तपासले नाही’ असे लिहून रिकामे ठेवू द्यावेत.

रिकामा रकाना प्रामाणिकपणे रिकामा ठेवणे हाही विज्ञानाचाच संस्कार आहे. असा तक्ता घेऊन विद्यार्थी ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत गेले आणि ‘नदी चांगली आहे’ या उत्तरावर त्यांनी ‘कशासाठी?’ एवढेच विचारले, तर विज्ञानाचा तास सार्थकी लागला असे आम्ही समजू.